अंधाऱ्या खोलीतल्या झाडांसाठी दिवे: खान्देशच्या घरात कोणता कामाचा, कोणता नाही

खान्देशात उन्हाला तोटा नाही, तरी घरातली झाडं उजेडावाचून मरतात. मार्च संपला की आपण खिडक्या लावून घेतो, जाड पडदे ओढतो, आणि ज्या खोलीला एकच खिडकी आहे तिथे त्या खिडकीतच कूलर बसतो. जळगाव, धुळे, अमळनेरच्या जुन्या पेठांमधली घरं तर भिंतीला भिंत लागून, आतवर लांब गेलेली. मधल्या खोलीला खिडकीच नसते. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स (लक्स म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि या मधल्या खोलीत मोबाइलवर मोजला तर ५० लक्सही भरत नाही. आपल्या डोळ्यांना ती खोली गारवा देणारी वाटते, पण पानाच्या दृष्टीने तिथे रात्रच असते.

अशा खोल्यांसाठी म्हणून बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या दिव्यांचे चार प्रकार इथे तपासले आहेत: चिमट्याचा यूएसबी दिवा, जांभळा बल्ब, साधी पांढरी एलईडी ट्यूब आणि खास झाडांसाठीचं पांढरं पॅनेल. निकाल आधीच सांगतो. शोभेच्या पानांच्या झाडांसाठी २० वॅटची साधी पांढरी चार फुटी ट्यूब, पानांपासून वीतभर ते फूटभर अंतरावर टांगलेली, हीच सर्वांत चांगली खरेदी आहे. डब्यावर झाडाचं चित्र छापलेल्या बहुतेक स्वस्त दिव्यांपेक्षा ती जास्त उजेड देते, जास्त टिकते आणि बिघडली तर चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बदलून मिळते.

आधी मोजमाप, कारण त्याशिवाय कुठल्याच दिव्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. झाडाला उपयोगी पडणारा उजेड मायक्रोमोलमध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला तो किती पडतो ते. त्याचं उपकरण महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीसाठी एक सोपा हिशोब पुरेसा आहे: लक्सला ७० ने भागा, उत्तर साधारण मायक्रोमोलमध्ये येतं. लक्स मोजायला मोबाइलवरचं मोफत ॲप चालतं. फोन पानाच्या जागी आडवा ठेवा, पडदा दिव्याकडे, आणि वरच्या कडेचा सेन्सर बोटाखाली झाकला जाऊ देऊ नका. आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण ५०० आणि ५,००० मधला फरक तो नक्की दाखवतो, आणि आपल्याला तेवढाच हवा असतो.

दुसरी गोष्ट तासांची. १०० मायक्रोमोलचा उजेड १२ तास मिळाला तर दिवसाची बेरीज ४.३ मोल होते (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट दीड-दोन मोलवर तग धरतात. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉनला दोन ते चार मोल मिळाले की नवी पानं नीट येतात. अग्लोनेमाचंही तेच, फक्त लाल-गुलाबी जातींना वरची मर्यादा लागते. पीस लिलीला चारच्या आसपास हवेत, फुलं हवी असतील तर त्याहून जास्त. तुळस, पुदिना, मिरची यांचा हिशोब वेगळा, दहा-बारा मोलच्या पुढचा. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आता दिवे एकेक करून.

चिमट्याचा तीन किंवा चार मानांचा (वाकवता येणाऱ्या दांड्यांचा) यूएसबी दिवा सर्वांत जास्त खपतो, कारण तो दिसायला सुटसुटीत आहे आणि बसवायला इलेक्ट्रिशियन लागत नाही. डब्यावर ४० वॅट, ८० वॅट असं छापलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा आणि तो ज्या ॲडॉप्टरवर चालतो त्यावरचं बारीक अक्षर वाचा. ५ व्होल्ट, २ ॲम्पियर लिहिलेलं असेल तर गुणाकार १० वॅट होतो, आणि दिवा त्याहून जास्त वीज घेऊच शकत नाही. चार मानांमध्ये वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला अडीच वॅट. म्हणजे एक मान, एक लहान कुंडी, सहा इंच अंतर, एवढंच त्याचं काम. तेवढ्यापुरता तो ठीक आहे: ऑफिसच्या टेबलावरचं सिंगोनियम, काचेच्या बाटलीत मुळं फुटायला ठेवलेली मनी प्लांटची कटिंग. तीन फुटी फिकसवर चारही माना वळवून ठेवल्या तर त्या झाडाला जवळजवळ काहीच मिळत नाही. यूएसबीची वायर लांबवण्यासाठी बारीक एक्स्टेंशन लावलं तर व्होल्टेज पडतं आणि उजेड आणखी मंदावतो.

या दिव्याचा खरा दोष मात्र त्याच्या टायमरमध्ये आहे. वायरीवरच्या बटणात ३, ९, १२ तासांची सोय असते, पण लाईट जाऊन आली की अनेक दिवे बंदच राहतात. कोणीतरी बटण दाबेपर्यंत चालू होत नाहीत. आपल्याकडे दुपारची लाईट जाणं नवीन नाही. चार दिवस बाहेरगावी जाऊन आलात तर झाड चार दिवस अंधारात. दुकानातच तपासा: दिवा चालू करा, बोर्डाचं बटण बंद करून पुन्हा लावा. आपोआप पेटला तर घ्या, नाही तर परत द्या.

जांभळा बल्ब, म्हणजे लाल आणि निळ्या एलईडीचा. पान लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं आहे आणि त्यावरच त्याची सगळी विक्री चालते. पण पांढऱ्या एलईडीत निळा असतोच, तिच्यावरच्या पिवळसर लेपामुळे लालही असतो, आणि मधला हिरवा प्रकाश वाया जात नाही, तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोहोचतो. चांगल्या प्रतीच्या लाल-निळ्या दिव्यांचा उपयोग बंदिस्त शेतीत होतो, तो वेगळा विषय. दोन-तीनशे रुपयांच्या बल्बमध्ये त्या प्रतीचे एलईडी नसतात. घरात त्याची मोठी अडचण अशी की जांभळ्या उजेडात पान खरं दिसत नाही. पिवळं पडतंय का, खाली कोळी (रस शोषणारी बारीक कीड) लागलाय का, बुरशीचे ठिपके आहेत का, काही कळत नाही. माणसं बसतात त्या खोलीत तो रंग डोळ्यांना त्रास देतो, तेही आलंच. लक्सचा हिशोबही इथे चालत नाही, कारण लक्स माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडावर बेतलेलं आहे. जांभळ्या दिव्याखाली मोबाइल कमी आकडा दाखवेल आणि त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. आणखी एक बारीक गोष्ट, असे बरेच बल्ब आट्यांचे येतात आणि आपल्या घरातले होल्डर पिनचे असतात. मधे जोडतुकडा लावावा लागतो, तो सैल बसला की होल्डर तापतो. आमच्या मते घरासाठी हा प्रकार घेऊच नये.

पांढऱ्या उजेडावर विश्वास ठेवायला खान्देशातलंच उदाहरण आहे. टिश्यू कल्चरची केळीची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत असतात तोवर सूर्य बघतच नाहीत. रॅकवर लावलेल्या पांढऱ्या ट्यूबखाली, दिवसाचे साधारण १६ तास, ती वाढतात. अर्थात तिथे रोपाला माध्यमातून साखर मिळते, म्हणून मंद उजेडही भागतो. आपल्या कुंडीतल्या झाडाला साखर पानातच तयार करायची आहे, म्हणून ट्यूब जवळ आणावी लागते.

आणि सगळा खेळ जवळ आणण्याचाच आहे. २० वॅटची ट्यूब साधारण २,००० ल्यूमेन, म्हणजे एकूण तेवढा उजेड, देते. फिलिप्स, क्रॉम्प्टन, हॅवल्स, विप्रो, कुठलीही घ्या, भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) चिन्ह आणि दोन वर्षांची वॉरंटी बघा, दुकानदाराकडून तारखेचं बिल घ्या. हीच ट्यूब छताजवळ असेल तर खाली जमिनीवरच्या कुंडीला १००-१५० लक्स मिळतात, ते नसल्यात जमा. तीच पानांपासून एक फुटावर आणली की साधारण २,५०० लक्स, सहा इंचांवर ५,०००. चार-चार इंचांवर दोन ट्यूब शेजारी लावल्या आणि पानं आठ इंच खाली ठेवली तर साडेसहा-सात हजार लक्स, म्हणजे १०० मायक्रोमोलच्या जवळपास. १२ तासांत चार मोल. पीस लिलीचीही सोय झाली.

रंगाबाबत: ६५०० केल्विनची पांढरी किंवा ४००० ची किंचित पिवळसर, दोन्ही चालतात. झाडाला फरक फार पडत नाही, बैठकीच्या खोलीत ४००० डोळ्यांना बरी वाटते.

बसवताना चार फुटी लाकडी किंवा लोखंडी मांडणी घ्या आणि वरच्या फळीच्या खालच्या अंगाला ट्यूब टांगा. थेट स्क्रूने ठोकू नका. दोन बाजूंना साखळीचे तुकडे आणि एसच्या आकाराचे आकडे लावले की झाड वाढेल तशी ट्यूब कडी-कडीने वर घेता येते. मांडणीची मागची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवा, चुन्याची भिंत असेल तर तिला टेकवून ठेवा, बाजूला सांडणारा उजेड परत येतो. वायर तीन तारांची घ्या, ट्यूबची पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर अर्थिंग जोडून घ्या, आणि प्लग कुंड्यांच्या पातळीच्या वर ठेवा. वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळावरून खाली टपकेल, सॉकेटात जाणार नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेलं बरं. पानांवर पाणी मारताना ट्यूब बंद, हा नियम पाळाच. स्वस्त ट्यूबच्या आतल्या पट्टीत थेट २३० व्होल्ट असू शकतात आणि झाकणाला तडा असेल तर ओल्या हाताने धोका आहे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ट्यूबच्या टोकाखाली उजेड मधल्यापेक्षा जवळपास निम्मा असतो. मोबाइल मांडणीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून बघा, आकडा चढताना आणि उतरताना दिसतो. म्हणून अग्लोनेमा आणि पीस लिली मध्यभागी, मनी प्लांट त्यांच्या शेजारी, स्नेक प्लांट आणि झेडझेड टोकांना. सगळ्या कुंड्यांची उंचीही सारखी करून घ्या. लहान कुंडीखाली वीट ठेवली की पानं एका पातळीत येतात. नाही तर उंच झाड ट्यूबला टेकतं आणि बुटकं अंधारात राहतं.

जागा एकाच कुंडीची असेल तर ९ वॅटचा साधा पांढरा बल्ब टेबल लॅम्पच्या टोपीत, फूटभर वर. घेताना हलका, कागदासारखा बल्ब टाळा. त्यात वेगळा ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) नसतो, व्होल्टेज वरखाली झालं की तो लुकलुकतो आणि लवकर जातो. तालुक्याच्या गावांत, जिथे पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, तिथे डब्यावर १०० ते ३०० व्होल्टची मर्यादा लिहिलेलाच घ्या.

चौथा प्रकार पांढरं पॅनेल, ६० ते १०० वॅटचं, जाड ॲल्युमिनियमच्या पाटीवर शेकडो एलईडी. उजेड उत्तम, एका वॅटमागे साध्या ट्यूबपेक्षा जास्त, आणि दीड-दोन फुटांवरूनही पानांना भरपूर मिळतो. पण काही हजार रुपये मोजून मनी प्लांट वाढवण्यात अर्थ नाही. काही पॅनेलवर दोन-चार एलईडी पेटलेले दिसत नाहीत. ते डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या दूरच्या लाल प्रकाशाचे असतात, बिघडलेले नसतात. घरात मोठं मॉन्स्टेरा, रंगीत क्रोटन, किंवा रोपवाटिकेसारखी बियांची ट्रे करायची असेल तरच हा खर्च करा.

टायमर कुठल्याही दिव्याला लागतोच, आणि इथेही लाईट जाण्याचा हिशोब धरावा लागतो. गोल चकतीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या पिनांचा टायमर स्वस्त आणि दणकट आहे, पण त्याची चकती विजेवर फिरते. तीन तास लाईट गेली की तो तीन तास मागे पडतो. आठवड्याभरात सकाळी सहाला लागणारा दिवा दुपारी लागायला लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत जळतो. दर रविवारी चकती हाताने वेळेवर आणत असाल तर तोही चालेल. नाही तर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, लाईट नसतानाही त्याचं घड्याळ चालतं. वायफायचा स्मार्ट प्लग लाईट आली की वेळ स्वतः लावून घेतो, फक्त घरात २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असायला हवं. दिवा इन्व्हर्टरवर टाकू नका. एक-दोन दिवस उजेड कमी मिळाल्याने पानाचं काही बिघडत नाही.

किती तास? १२ ते १४. त्याहून वाढवून अंतराची चूक भरून निघत नाही, आणि झाडाला अंधाराचे सलग काही तास हवेतच. अंधारातून आलेल्या झाडाला पहिल्या आठवड्यात ६ तास द्या, मग दर आठवड्याला दोन-दोन तास वाढवा.

एप्रिल-मे मध्ये मात्र वेळ बदला. बंद खोलीत दुपारी हवा ४० अंशांच्या वर जाते आणि बऱ्याच एलईडींवर ४० किंवा ४५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. उष्णतेने आधी ड्रायव्हर जातो, त्यातला कपॅसिटर वाळतो, मग दिवा लुकलुकायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी ५ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ११ अशा दोन पाळ्या लावा. पानांच्या झाडांना तुकड्यांत मिळालेला उजेड चालतो, दिवसाची बेरीज तीच राहते. ट्यूब बंद कपाटात किंवा काचेच्या पेटीत लावू नका, तिच्या पाठीला हवा लागू द्या.

कूलरचा झोत थेट पानांवर नको, पानांच्या कडा करपतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालण्याची सवय खूप घरांत आहे, ती सोडावी. आपल्याकडे बोअरचं पाणी आधीच जड, त्यात कूलर दिवसभर पाणी उडवून क्षार मागे ठेवतो. पीस लिलीची टोकं काळी पडतात आणि दोष दिव्याला दिला जातो. कूलर नसलेल्या कोरड्या खोलीत लाल कोळी येतो. पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले की पानाची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसा, आठवड्यातून दोनदा. पांढऱ्या उजेडात हे वेळेवर दिसतं.

दिवा लागला की पाण्याचं गणितही बदलतं. अंधाऱ्या खोलीत झाडं बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच जातात, कारण पान काम करत नाही आणि माती ओलीच राहते. उजेड मिळाला की कुंडी लवकर सुकते. दोन बोटं माती कोरडी झाली की पाणी, वार ठरवून नाही. कुंडीत निव्वळ काळी माती असेल तर दिवा लावण्याआधी ती बदला. ती ओली असताना चिकटते, सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू समान भागात घ्या. वाढ सुरू झाली की खत लागेल. कुठल्याही कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ पुरेसं आहे, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, दर पंधरा-वीस दिवसांनी. शेतातल्या मापाने घालू नका.

दिवा बरोबर लागलाय का, ते झाडच सांगतं. दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं, नवं पान जुन्यापेक्षा लहान आलं, पांढरे-पिवळे पट्टे असलेला मनी प्लांट निव्वळ हिरवा व्हायला लागला, तर उजेड कमी पडतोय: ट्यूब दोन-तीन इंच खाली घ्या. वरचीच पानं फिकट पडून खाली वळली आणि सावलीतली खालची पानं ठीक असली, तर ट्यूब फार जवळ आहे. जुनी पानं तशीच राहतील, नव्या पानावरून ठरवा, आणि त्याला तीन-चार आठवडे लागतात.

खर्चाचं म्हणाल तर २० वॅटची ट्यूब १२ तास चालली की दिवसाला पाव युनिटपेक्षा थोडी कमी वीज, महिन्याला सव्वासात युनिट. सगळं धरून युनिट दहा रुपयांनी पडलं तरी बहात्तर-पंच्याहत्तर रुपये. दोन ट्यूबचे दीडशे. ट्यूब, साखळी, वायर आणि डिजिटल टायमर मिळून हजार-बाराशेच्या आसपास बसतं. महिन्यातून एकदा ट्यूब बंद करून कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या धुळीचा थर उजेड चांगलाच खातो, पानांवरचाही.

राहता राहिली तुळस. देवघराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तुळस दिव्यावर जगवता येईल का, हे फार जण विचारतात. दोन ट्यूबच्या चार मोलवर ती जेमतेम उभी राहते, दांडे बारीक होतात, पानाला वास राहत नाही. तिला हवे तितके मोल द्यायचे तर पॅनेलच लावावं लागेल, १४ तास, फूट-दीड फुटावरून. त्यापेक्षा दोन कुंड्या ठेवा. एक ओट्यावर किंवा गच्चीत, दुसरी घरात, आणि दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल करा. मे महिन्यात बाहेरची कुंडी सकाळच्या उन्हापुरती पूर्वेला ठेवून अकरानंतर सावलीत घ्या, आणि आतून बाहेर काढलेली तुळस पहिल्या दिवशी सावलीतच राहू द्या, नाही तर एका दुपारी पानं भाजतील.